हलक्या बाराची भारी चर्चा

आमच्या निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या माणसाला वस्तू घेण्यापेक्षा ती निवडण्यात जास्त रस असतो. तंबाखूचा व्यापारी वखारीत येतो, पान चुरगळतो, हुंगतो, उजेडाला धरतो, मान हलवतो, चहा पितो, पुन्हा हुंगतो आणि अखेर घरून ठरवून आणलेलाच दर सांगतो. मिरची आणायला गेलेली गृहिणी ब्याडगी की संकेश्वरी यावर दुकानदाराशी तासभर हुज्जत घालते आणि दोन्ही अर्धा-अर्धा किलो घेऊन घरी येते. अशा मुलखात बंदुकीत काय भरायचं हा प्रश्न कुणी एका वाक्यात सोडवील, ही अपेक्षाच गैर.

बंदूक म्हटल्यावर दचकायचं कारण नाही. ही छऱ्याची बंदूक. नळी मोडायची, मागून छर्रा सरकवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. दाबून बसलेली स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवेला ढकलतो आणि हवा छऱ्याला. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार नळी 0.177 इंचापर्यंत, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत, आणि जोर 20 ज्यूलपर्यंत असेल तर अशा बंदुकीला परवाना लागत नाही. दोन किलो साखरेची पिशवी जमिनीवरून ओट्यावर ठेवायला साधारण तेवढीच ताकद लागते. आमचे सुभेदार रोज सकाळी पेपर वाचताना टेबलावर हात आपटून यापेक्षा जास्त ज्यूल वाया घालवतात.

शिवाय ‘गोळी’ हा शब्द निपाणीत थट्टेवारी नेऊ नये. 1981 च्या एप्रिलमध्ये इथं महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या तंबाखू शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला होता आणि त्यात शेतकरी मेले. ते डोळ्यांनी बघितलेली माणसं अजून गावात आहेत. म्हणून आमच्या गच्चीवर गोळी नाही, छर्रा आहे. आणि तोही फक्त पत्र्याचा वैरी आहे.

रविवारी सकाळी आम्ही चौघं गच्चीवर जमतो. समोर जुन्या वखारीची आंधळी भिंत, तिला टेकून वाळूची पोती आणि पोत्यांपुढं फळीवर मांडलेली रिकामी डबडी. अंतर तीसेक फूट. डबड्यांचीही निवड असते. गोडेतेलाचा मोठा डबा चुकणं अवघड, पण त्याचा आवाज भरदार येतो आणि शेजारपाजारी नाव होतं. अंगाला लावायच्या पावडरीचा डबा उडून पडतो, त्यामुळं बघणाऱ्याला समाधान. सोड्याच्या बाटलीचं बूच मात्र फक्त सुभेदारांना लागतं, तेही चष्मा पुसल्यावर.

सुभेदार मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. आमच्या बेळगावातच रेजिमेंटचं केंद्र आहे आणि थ्री-नॉट-थ्रीपासून एसएलआरपर्यंत सरकारनं हातात जे दिलं ते त्यांनी झाडलं. त्यांच्या मते छऱ्याची निवड हा सिव्हिलियन लोकांचा आजार आहे. “गोळी निवडायची नसती ओ. मोजून घ्यायची, झाडायची आणि रिकामी पुंगळी मोजून परत द्यायची.” छऱ्याला पुंगळी नसते, ही त्यांची मोठी अडचण. त्यावर त्यांनी तोडगा काढला. नेमबाजी संपली की ते पोत्यांपुढचा पत्र्याचा ट्रे उचलून चेपलेले छर्रे मोजतात. “पन्नास गेले, सत्तेचाळीस सापडले. तीन कुठं?” ते तीन सापडेपर्यंत पोहे वाढले जात नाहीत.

दुसरे आप्पा. आयुष्य सराफीत गेलं. त्यांना जगातली कुठलीही वस्तू तोळे, मासे आणि गुंजांत सांगावी लागते, नाहीतर ती त्यांना खरी वाटत नाही. तिसरे दाजी, माझ्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत त्यांची हयात गेली. बेळगाव हे ओतकामाचं आणि हायड्रॉलिक्सचं गाव, त्यामुळं कुठलीही गोष्ट विकत घेतली तर आपला अपमान झाला असं दाजींना वाटतं. “साचा करून देतो की!” हे त्यांचं पालुपद. एकदा मिक्सरचं भांडं फुटलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

आता छर्रा. बाहेरच्या माणसाला छर्रा म्हणजे छर्रा. पण दुकानात गेलं की कळतं, त्यात चार घराणी आहेत. एक चपट्या तोंडाचा, दुसरा गोल टोपीचा, तिसरा टोकदार आणि चौथा डोक्यावर खड्डा असलेला. चौघांचीही कंबर बारीक आणि मागं पोकळ घेर. हवेचा दाब बसला की तो घेर फुलून नळीला चिकटतो, नळीतल्या आट्यांत बसतो आणि छर्रा गिरकी घेत बाहेर पडतो. ही गिरकी आहे म्हणून नेम आहे.

नवशिका आधी टोकदार घेतो. ते साहजिक आहे, तो दिसतोच रागीट. पण शिसं मऊ असतं. डबीत एकमेकांवर आपटून निम्म्यांची नाकं आधीच वाकलेली असतात, आणि नाक वाकलेला छर्रा आपल्या मनाप्रमाणं जातो. गोल टोपीचा वाऱ्यात बऱ्यापैकी टिकतो, लांबवर जातो, त्यामुळं अनुभवी मंडळी त्याची बाजू घेतात. चपट्या तोंडाचा कागदावर पंचिंग मशीननं पाडल्यासारखं स्वच्छ भोक पाडतो, म्हणून दहा मीटरच्या स्पर्धांत जगभर तोच चालतो. भोक स्वच्छ पडलं की गुण किती यावर वाद होत नाही. आमच्या गच्चीवर तो फारसा लोकप्रिय नाही त्याचं कारण नेमकं हेच आहे.

तीस फुटांवरून गोडेतेलाच्या डब्याला चौघांपैकी कुठलाही छर्रा लागतो, हे मी एकदा बोलून गेलो. त्यानंतर बराच वेळ माझ्याशी कुणी बोललं नाही.

खरी मजा डबीच्या तळाशी असते. परदेशी डब्यांवर छऱ्याच्या डोक्याचा व्यास छापलेला असतो. 4.49, 4.50, 4.51, 4.52. सगळे आकडे मिलिमीटरमध्ये. म्हणजे एका डब्यात आणि दुसऱ्यात फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा, आणि त्यासाठी वेगळा डबा, वेगळे पैसे. ज्या भागात दोन राज्यांची हद्द 1956 पासून कुठून जाते यावर एकमत नाही, तिथल्या माणसानं हा शंभरावा हिस्सा बघून हुरळून जाणं समजण्यासारखं आहे. आप्पांनी लगेच सराफी तराजू काढला. स्पर्धेच्या छऱ्याचं वजन सुमारे 0.53 ग्रॅम. “साडेचार गुंजांना जरा कमी,” आप्पा म्हणाले, आणि त्या दिवसापासून छर्रा त्यांना खरा वाटू लागला. मग त्यांनी एका स्वस्त डबीतले छर्रे एकेक करून तोलले. कुणी चार गुंजांचा, कुणी पाचाचा. “ह्या मापानं सोनं विकलं असतं तर दुकान जाळलं असतं लोकांनी,” हा त्यांचा अभिप्राय.

वजनाचा मामला वाटतो तितका साधा नाही. हलका छर्रा वेगानं जातो, म्हणून बंदुकीच्या खोक्यावर सेकंदाला अमुक फूट असा वेग छापलेला असतो तो बहुधा अतिहलका छर्रा घालून मोजलेला. गिऱ्हाईक खोकं बघून भुलतं. पण स्प्रिंगच्या बंदुकीत फार हलका छर्रा घातला तर दट्ट्यापुढं हवेची गादी नीट तयार होत नाही आणि दट्ट्या जाऊन टोकाला आपटतो. छर्रा न घालता चाप ओढणं तर त्याहून वाईट. पोरं टोरं गंमत म्हणून रिकामी बंदूक उडवतात आणि मग स्प्रिंग तुटली की कंपनीला शिव्या देतात. उलट फार जड छर्रा रमतगमत निघतो आणि वाटेत खाली झुकतो. त्यानं तीस फुटांवर पावडरीचा डबा मारायचा तर तेलाच्या डब्याकडं नेम धरावा लागतो.

दाजींना हे सगळं शिसंप्रकरण महाग वाटलं. त्यांनी लोखंडाच्या बारीक गोळ्या आणल्या. सुभेदारांनी डोळ्याला चष्मा लावा म्हणून बजावलं, सगळ्यांनी लावला आणि पहिलीच गोळी डब्यामागच्या बिडाच्या पट्टीवर आपटून उलट फिरली, अक्काच्या तुळशीवृंदावनाला लागली. शिसं आपटलं की चेपतं, लोखंड आपटलं की घरी परततं. शिवाय ते नळीतले आटे खातं ते वेगळंच. अक्का गच्चीवर आली, तिनं वृंदावनाकडं बघितलं, दाजींकडं बघितलं आणि काही न बोलता खाली गेली. लोखंडाचा विषय तिथंच संपला. बिडाची पट्टीही दाजींनी खाली झुकती टांगली, म्हणजे जे काही उडेल ते जमिनीकडं जाईल.

निपाणीच्या उरुसात किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत फुगे फोडायचा जो गाडा असतो, तिथं मात्र निवडीला वावच नाही. छर्रा गाडेवाला स्वतः भरतो. कुठला भरला ते तो दाखवत नाही आणि आपण विचारत नाही, कारण मागं रांग असते आणि शेजारी नवी नवरी असते. त्या बंदुकीची माशी वर्षानुवर्षं ठोके खाऊन एका बाजूला झुकलेली असते. अट्टल लोक पहिला बार मुद्दाम वाया घालवतात, छर्रा फळ्यावर कुठं बसला ते बघतात आणि मग तेवढं अंतर उलट्या बाजूला धरून फुगे साफ करतात. गाडेवाला अशा माणसाला दुसऱ्या वर्षी ओळखतो आणि दुसरी बंदूक देतो. सुभेदारांना तो गेली काही वर्षं बंदूकच देत नाही. नमस्कार करतो आणि चहा मागवतो.

तसं बघितलं तर या भागात काय मारायचं यापेक्षा काय घालून मारायचं, ही चर्चा फार जुनी आहे. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभं राहणाऱ्याला ओढ्यातला कुठलाही धोंडा चालत नव्हता. गोफणगुंडा गोल हवा, मुठीत मावणारा हवा, सगळे साधारण एका वजनाचे हवेत. पोरं बेचकीसाठी मातीच्या गोळ्या वळून उन्हात वाळवत, आणि ज्याच्या गोळ्यांना भेग जात नसे त्याचा आळीत मान असे. दिवाळीत किल्ल्यावरचे मावळे पाडायला चिंचोके बरे की वाटाणे, यावर आमच्या गल्लीत दोन तट होते.

खानापूरकडं, जंगलाच्या कडेला, हा खेळ नसतो. तिथं गवा आणि रानडुक्कर पिकात येतं आणि शेती संरक्षणाच्या परवान्यावर कुणाकुणाकडं अजून ठासणीची बंदूक असते. दाजींचे चुलते त्यातलेच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, काथ्या घालून गजानं ठासायची, मग शिसं, पुन्हा काथ्या, मागं केप बसवायची. एवढं होईतो डुक्कर नाचणी खाऊन, हात धुऊन गेलेलं असतं. म्हणून चुलते शिसं घालतच नाहीत. नुसती दारू आणि काथ्या. धाडकन आवाज होतो, डुक्कर पळतं, कुणाला इजा नाही, कायद्याचं लफडं नाही. जगातला सर्वांत हलका बार तो हाच. त्यात गोळीच नसते.

त्यांची तक्रार निराळी आहे. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आचारसंहिता माणसांना लागते, डुकरांना लागत नाही. ती अशा वेळी निवांत येतात. शिवाय परवाना कुठल्या हद्दीत चालतो ते परवान्यावर लिहिलेलं असतं. डुक्कर आज खानापुरात भात खातं, उद्या चंदगडात ऊस. 1956 पासून दोन्हीकडच्या माणसांना जे जमलं नाही, ते डुकरांनी कोर्टात न जाता परस्पर करून टाकलंय.

तर अशी सगळी विद्वत्ता गच्चीवर साठलेली असताना एका रविवारी माझ्या भाच्याचा फोन आला. भाचा टेक्सासात असतो. आपल्याकडं रविवारची सकाळ असते तेव्हा त्याच्याकडं शनिवारची रात्र. अक्कानं फोन वर आणला, पडद्यावर भाचा, आणि भाच्याच्या हातात रायफल. अक्का म्हणाली, “हे काय रे बाळा? नोकरी गेली काय?”

नोकरी शाबूत होती. त्यानं हौस म्हणून लिव्हरची रायफल घेतली होती. काउबॉयच्या सिनेमात असते ती. चापाभोवतीची कडी खाली ढकलली की रिकामी पुंगळी उडते, वर ओढली की नवं काडतूस आत बसतं. विंचेस्टरची 1873 ची आणि पुढं जॉन ब्राउनिंगनं काढलेली 1894 ची, या दोन मॉडेलांनी अर्धं हॉलिवूड पोसलं. भाच्याची रायफल नवीन, .357 मॅग्नमची. पण मॅग्नमचं काडतूस महाग, आवाज मोठा आणि धक्काही. त्याला नुसती डबडी पाडायची होती. म्हणून तो .38 स्पेशलची हलकी काडतुसं घरी भरणार होता आणि त्यात गोळी कुठली घालावी हे त्याला ठरत नव्हतं. तिकडं हा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडं 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे काय हे सांगतानाच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रं धरलेली आहेत. तेव्हा परवान्याशिवाय असलं काही मनातही आणू नये. दाजींनी ‘साचा’ एवढा शब्द उच्चारताच अक्कानं डोळे वटारले ते यासाठीच.

सुभेदार पुढं झाले. “कुठली गोळी म्हणजे? देतील ती घे.”

“काका, इथं कुणी देत नाही. आपणच घ्यायची.”

“मग अवघड आहे,” सुभेदार म्हणाले आणि खुर्चीवर बसले. माणूस स्वतःची गोळी स्वतः निवडतो ही कल्पना त्यांना पचेना.

भाच्यानं पर्याय वाचले. 125 ग्रेनची चपट्या नाकाची शिशाची, 158 ग्रेनची तशीच, तांब्याचं कवच घातलेली एक, आणि एक साफ चपटी, नाकच नसलेली. ग्रेन ऐकताच आप्पांचे डोळे चमकले. “इंग्रजी तोळा एकशे ऐंशी ग्रेनचा. म्हणजे एकशे अठ्ठावन्नाची गोळी दहा मासे चार गुंजा. तोळ्याला बावीस ग्रेन कमी. आणि ती सव्वाशेची आठ मासे पावणेतीन गुंजा.” मागून फक्त ‘तोळा’ ऐकलेल्या अक्कानं विचारलं, “एका बाराला तोळा? आणि लग्नाला पैसे नाहीत म्हणतोस!”

आम्ही सगळ्यांनी एकमुखानं साफ चपटी सुचवली. दहा मीटरवर जगज्जेती आहे, कागदावर भोक कसं पाडते, वगैरे. भाचा म्हणाला, ती लिव्हरच्या रायफलला गिळतच नाही. काडतूस खालून उचललं जाऊन तिरकं वर चढतं आणि नळीत शिरतं. पुढं थोडं निमुळतं नाक नसेल तर तिथंच अडतं. शिवाय .38 ची पुंगळी मॅग्नमपेक्षा साडेतीनेक मिलिमीटर आखूड असते. एवढ्या आखूडपणावरही काही रायफली रुसतात, मग नाक नसलेली गोळी घालून काडतूस आणखी आखूड केलं तर विचारायलाच नको.

“मग टोकदार घे,” दाजी म्हणाले.

इथं मात्र भाचा गंभीर झाला. या रायफलीत नळीखाली आणखी एक नळी असते आणि काडतुसं त्यात एकामागं एक आडवी झोपतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला. आणि काडतुसाच्या बुडाच्या मधोमध, जिथं घोडा आपटतो तिथंच, त्याची केप असते. उरुसाच्या दिवशी निपाणीच्या एसटीत उभ्यांची जी रांग होते, तिच्यात मागच्यानं हातातल्या छत्रीचं टोक पुढं धरलं आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, की काय होईल ते बघा. रायफलीचा धक्का बसला की टोकदार गोळी पुढच्या केपेला टोचू शकते आणि आतल्या आत बार उडू शकतो. म्हणून या रायफलींत शंभराहून जास्त वर्षं चपट्या नाकाच्या गोळ्या चालत आल्या. अलीकडं रबरासारख्या मऊ टोकाच्याही निघाल्यात, पण त्या शिकारीच्या, महागाच्या. डबडं पाडायला कुणी त्या वापरणार नाही.

उरली चपट्या नाकाची. साधी शिशाची की तांब्याच्या कवचाची? दिसायला कवचाची देखणी. दाजींनी आणि मी तिलाच मत दिलं. पण हलक्या बारात तीच दगा देते. दारू कमी घातली आणि कवचाची गोळी नळीला घट्ट धरून बसली तर ती अर्ध्यात अडकू शकते. बाहेर नुसता फुस्स आवाज. हौशी माणूस लिव्हर ओढून दुसरा बार टाकतो, मागची गोळी पुढच्या गोळीला भिडते आणि नळी फुगते नाहीतर फुटते. शिसं मऊ, ते कमी जोरातही सरकतं. म्हणून हलक्या बाराला शिशाची गोळी, आणि तीही छापील पुस्तकात त्या गोळीला किमान जेवढी दारू सांगितली आहे त्याच्या खाली न जाता.

सुभेदार इतका वेळ गप्प होते. ते उठले. “आवाज कमी आला की थांबायचं. दुसरा टाकायचा नाही. रायफल खाली करायची, मोकळी करायची आणि मग नळी बघायची. रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात हे.” भाच्यानं पडद्यावरूनच हात जोडले. गच्चीवर सुभेदारांचं वजन दोन तोळे वाढलं.

दाजींनी शेवटचा डाव टाकला. “विकत कशाला घेतोस? ओत की! मोटारीच्या चाकाला बॅलन्सिंगचे तुकडे लावतात ना, त्यात शिसं असतंय. तीनशे सत्तावीस डिग्रीला पातळ होतंय. चहाला लागतो तेवढा वेळ.” भाच्याला कल्पना आवडली. अक्काला नाही. तिनं फोन हातात घेतला. “शिसं कुठल्या भांड्यात वितळवणार? मी दिलेल्या कढईत? आणि हात धुतलेस काय आत्ता? जेवताना त्याच हातानं?” शिशाबद्दलचा तिचा अंदाज कुठल्याही डॉक्टरच्या बरोबरीचा निघाला. ते पोटात आणि श्वासात जाऊ नये म्हणून मोकळ्या हवेत, वेगळ्या भांड्यात काम करायचं असतं आणि नंतर हात स्वच्छ धुवायचे असतात. आमच्याकडंही तेव्हापासून पोह्यांआधी सगळ्यांनी साबण लावायचा, असा हुकूम आहे. छर्रेही शिशाचेच.

फोन संपला तरी वाद संपला नाही. सुभेदार म्हणाले, खऱ्या नेमबाजांना विचारा. खरे नेमबाज आमच्या हाकेच्या अंतरावर आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटरमध्ये जागतिक विजेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. त्या खेळात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचं. एवढ्या वरच्या पातळीवर गोळी कशी निवडतात? मत देऊन नाही. रायफलीची नळी शिकंज्यात घट्ट धरतात, एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, पण वेगवेगळ्या दिवशी बनलेल्या गोळ्यांचे लॉट एकामागं एक झाडतात आणि भोकं जिथं सर्वांत जवळ पडतील तो लॉट उचलतात. शेजारच्या नेमबाजाला तोच लॉट चालेल याची खात्री नसते. आवड नळीची असते, माणसाची नाही.

हे ऐकून दाजींनी फौंड्रीतून शिकंजा आणला. आमची बंदूक त्यात आवळली. निकाल असा लागला की सगळेच छर्रे रानोमाळ. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या आधी मागं आणि मग पुढं झटका देतो. तिला आवळून धरलं की ती बिथरते. तिला तळहातावर नुसती ठेवायची असते, धरायची नसते. सुभेदारांनी ती तशी ठेवली आणि प्रत्येक डबीतले पाच-पाच छर्रे संथपणे कागदावर मारले. जर्मनीचा चपटा, झेकचा गोल टोपीचा, आणि बेळगावातून आणलेली ती बिननावाची डबी, जिच्यातला एक छर्रा चार गुंजांचा आणि दुसरा पाचाचा निघाला होता.

सर्वांत जवळ भोकं त्या बिननावाच्या डबीची पडली.

आप्पांनी कागद उलटा करून बघितला. दाजी म्हणाले, वारा होता. सुभेदार म्हणाले, वारा नव्हता. मी म्हणालो, पुन्हा मारून बघू. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. आता आप्पांचं म्हणणं असं की त्या पाचांत नेमके साडेचार गुंजांचेच आले असणार, तेव्हा डबीतले सगळे तोलून, वजनवारी लावून, नव्यानं सुरुवात करायला हवी. ते काम सध्या चालू आहे. भाच्यानं तिकडं 158 ग्रेनची चपट्या नाकाची शिशाची गोळी घेतली, त्याची रायफल ती न अडता गिळते, आणि पहिल्याच दिवशी त्यानं बिअरचे सगळे डबे पाडले. डबे कुणी रिकामे केले हे अक्कानं विचारलंच.

जाता जाता दोन गोष्टी. डोळ्याला चष्मा लावल्याशिवाय छऱ्याची बंदूक हातात घेऊ नये. आणि नळी पाखरांकडं वळवू नये, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. डबडी मुबलक आहेत. आमच्या बंदुकीला 4.52 चा गोल टोपीचा छर्रा कसा मानवतो, तेवढं बघायचं राहिलंय. तो डबा निपाणीत मिळत नाही, बेळगावातही नाही. कुणाकडं अर्धा पडून असेल तर रविवारी सकाळी घेऊन यावं. पैसे देऊ, पोहेही देऊ. मत मात्र घरी ठेवून यावं, ते आमच्याकडं जास्तीचं आहे.